आधी आपली दृष्टी तपासू या



अष्टांगिक मार्गाचे पहिले अंग सम्यक दृष्टी होय, हे आपण विहारात अनेकदा ऐकले आहे. परंतु सम्यक दृष्टी म्हणजे केवळ काही वचने तोंडपाठ असणे नव्हे. समोर जे आहे ते जसे आहे तसे पाहणे आणि आपल्या मनात आधीच तयार असलेले मत त्याच्यावर न लादणे, हाही सम्यक दृष्टीचाच भाग आहे. आजच्या पाठात या दृष्टीची परीक्षा आपण एका घरगुती प्रश्नावर घेणार आहोत. प्रश्न मुलांचा आहे, पण परीक्षा मोठ्यांची आहे.

विहारातला एक रविवार

२०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. नवी मुंबईत तुर्भे ते दिघा या पट्ट्यात कारखान्यांच्या कडेने ज्या वस्त्या आहेत, त्यांतल्या एका वस्तीत मी राहते. आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना असते. त्या दिवशी एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. वडील भाजी मार्केटमध्ये माथाडी, आई चार घरची धुणीभांडी करणारी. वंदना सुरू झाली तसा मुलगा मागे-पुढे झुलू लागला. घशातून एकसारखा आवाज काढू लागला. ध्वनिक्षेपक खरखरला तेव्हा त्याने दोन्ही कान दाबून धरले आणि किंकाळी फोडली.

एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "ताई, पोराला बाहेर न्या. जरा संस्कार लावा." शेजारची बाई हलक्या आवाजात म्हणाली, "लहानपणापासून हातात मोबाईल दिला असेल, दुसरं काय?" आणि एका आजीने कळवळ्याने उसासा टाकला, "मागच्या जन्मीचं काहीतरी असतं, बाई."

आई उठली. मुलाला कडेवर घेऊन बाहेर गेली आणि त्यानंतर विहारात आली नाही. नुकतीच त्रिसरण-पंचशील घेतलेली आम्ही तीस-चाळीस माणसे तिथे बसलो होतो. मीही बसले होते. मी पदवीधर आहे, शिक्षिका आहे, आणि मी काहीच बोलले नाही.

या तिघांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. पण तिघांनीही मूल पाहिले नाही. प्रत्येकाने आपल्या मनात आधीपासून असलेली गोष्ट त्या मुलावर पाहिली. अशा आधीच करून ठेवलेल्या मताला आपण पूर्वग्रह म्हणतो. हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या वाडवडिलांचे आयुष्य दुसऱ्यांच्या पूर्वग्रहाखाली गेले. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. त्या शाळेने मुलाची बुद्धी पाहण्याआधी त्याची जात पाहिली होती. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. म्हणूनच दुसऱ्याच्या मुलाकडे पाहताना आपण अधिक सावध असावयास हवे.

स्वमग्नता म्हणजे काय?

ज्या अवस्थेला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, तिला मराठीत स्वमग्नता असे नाव पडले आहे. हा संसर्गजन्य रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूची वाढ जन्माआधीपासूनच काहीशा वेगळ्या रीतीने होते. त्यामुळे मुलाचे बोलणे, इतरांशी मिसळणे, आवाज-प्रकाश-स्पर्श यांची जाणीव आणि आवडीनिवडी वेगळ्या दिसतात. काही मुले आयुष्यभर बोलत नाहीत. काही भरपूर बोलतात, पण एकाच विषयावर. काहींना प्रत्येक कामात मदत लागते, तर काही शिकून नोकरी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे १ माणूस स्वमग्न होता. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या वस्तीत अशी मुले असणारच. आपण त्यांना ओळखत नाही, इतकेच.

आता नावाकडेच पाहा. 'स्वमग्न' म्हणजे स्वतःत बुडालेला. मूळ पाश्चात्त्य शब्दही 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १९११ साली ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने वेगळ्याच आजाराच्या संदर्भात बनवला होता. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचे वर्णन करताना तो वापरला. म्हणजे हे नाव बाहेरून पाहणाऱ्याला काय वाटले ते सांगते. आतून मुलाला काय वाटते, ते सांगत नाही. नाव रूढ आहे म्हणून आपण ते वापरू, पण ते मुलाचे संपूर्ण वर्णन आहे असे समजू नये.

माझी चूक

त्याच वर्षी जूनमध्ये तो मुलगा माझ्या वर्गात पहिलीला आला. मी त्याला ओळखले, आणि खरे सांगते, माझ्या कपाळाला आठी पडली. नाव पुकारले तर तो ओ देत नसे. घंटा झाली की बाकाखाली शिरे. पाण्याच्या बाटल्यांची झाकणे गोळा करून ओळीने मांडत बसे, आणि कोणी ओळ मोडली तर आकांत करी. आईने लाडावून ठेवलेला हट्टी मुलगा, असे मी मनात नोंदवून टाकले.

एक दिवस मी त्याला उभे केले आणि म्हटले, "माझ्याकडे बघून बोल." तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "माझ्याकडे बघून बोल." माझाच सूर, माझीच लकब. वर्ग हसला. मी पुन्हा म्हटले, त्याने पुन्हा तेच म्हटले. हा माझी नक्कल करतो, भर वर्गात माझा अपमान करतो, असे वाटून मी त्याच्या हातावर पट्टी मारली. शाळेत मुलांना मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे मला माहीत होते. त्याने हात मागे घेतला नाही. खिडकीकडेच पाहत तो तेच वाक्य आणखी एकदा म्हणाला, या वेळी रडत.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडायला आली असेल असे मला वाटले. ती दाराशीच उभी राहून म्हणाली, "बाई, त्याला चेष्टा करता येत नाही. त्याला तहान लागली ना, तर तो 'पाणी दे' म्हणत नाही. 'तुला पाणी पाहिजे का?' असं म्हणतो. मी त्याला तसं विचारते ना, म्हणून. तुम्ही जे बोलता, तेच तो तुम्हाला परत देतो. त्याच्याकडं तेवढंच आहे."

सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने मला एका मिनिटात जे शिकवले, ते माझ्या शिक्षणशास्त्राच्या पदवीने शिकवले नव्हते. नंतर मी वाचले तेव्हा कळले की, ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणणे आणि 'मी'च्या जागी 'तू' वापरणे, या दोन्ही गोष्टी कॅनर यांनी १९४३ च्या लेखातच नोंदवल्या होत्या. तो मुलगा माझा अपमान करीत नव्हता. तो उत्तर देण्याचा प्रयत्न करीत होता.

पहिला ग्रह : "मुद्दाम करतो, संस्कार नाहीत"

मोठ्या माणसाची सवय अशी की, मुलाच्या वागण्याला तो स्वतःच्या मनातला हेतू चिकटवतो. मी डोळ्याला डोळा देत नाही तेव्हा मला काहीतरी लपवायचे असते, म्हणून हे मूलही लपवते किंवा उद्धटपणा करते. मी ओरडते तेव्हा मला राग आलेला असतो, म्हणून हे मूलही रागावले आहे. हा तर्क आपल्याला आपोआप सुचतो आणि पुष्कळदा तो खोटा असतो. अनेक स्वमग्न माणसांनी मोठेपणी सांगितले आहे की, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत असताना त्यांना बोलणे ऐकू येणेच कठीण जाते. त्यांनी नजर वळवली की ते अधिक नीट ऐकत असतात.

आणि नजरेचा नियम तरी कायमचा कोठे आहे? वरच्या जातीच्या माणसापुढे मान खाली घालून उभे राहावे लागलेली पिढी आपल्या घराघरात होऊन गेली. त्या काळी डोळ्याला डोळा भिडवणे हा उद्धटपणा होता. आज आपण मुलाला सांगतो की डोळ्यांत पाहिले नाहीस तर तो उद्धटपणा. सभ्यतेचे असे नियम माणसांनी केलेले असतात. त्यांवरून मुलाच्या मनाची पारख होत नाही.

कान झाकण्याचेही तसेच. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे एखादे मूल कान दाबून किंचाळते. आपण म्हणतो, बाबासाहेबांच्या जयंतीला असे करतात का? त्या मुलाच्या कानाला तो आवाज आपल्याहून कितीतरी तीव्र लागत असतो. त्याचे किंचाळणे हा निषेध नसतो, ती वेदना असते.

दुसरा ग्रह : "आईचेच चुकले"

हा ग्रह आपल्या वस्तीतच जन्मला असे समजू नका. मोठमोठ्या विद्वानांनी तो पोसला आहे. कॅनर यांच्याकडे आलेली बहुतेक मुले सुशिक्षित घरची होती, कारण अशा मोठ्या डॉक्टरांपर्यंत तीच कुटुंबे पोहोचू शकत. त्यावरून मात्र असे मत पसरले की, या मुलांचे आईबापच थंड आणि कोरडे असतात. 'फ्रिजसारखी थंड आई' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. १९६७ साली शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी एक गाजलेले पुस्तक लिहून हा दोष आईच्याच माथी आणखी घट्ट बसवला. किती आयांनी रात्री उशीत तोंड खुपसून हा दोष सोसला असेल, याची गणती नाही.

वस्तुतः १९६४ सालीच बर्नार्ड रिमलंड यांनी हे मत खोडून काढले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे बापही होते. १९६९ साली स्वतः कॅनर यांनी पालकांच्या परिषदेत आईबापांना दोषमुक्त केले. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. वेगळ्या बीजांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. जुळी मुले एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढतात. दोष आईच्या वागण्याचा असता, तर दोन्ही प्रकारच्या जोड्यांत सारखेच दिसले असते. म्हणजे मूळ मुख्यतः आनुवंशिक घडणीत आहे.

मोबाईलचेही असेच. लहान मुलाच्या हाती तासन् तास मोबाईल देणे वाईटच. त्याने बोलणे लांबू शकते. पण त्यामुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. आणि १९४३ साली कोणत्या घरात मोबाईल होता? लसीमुळे होते, हा समजही खोटा आहे. अवघ्या १२ मुलांवर आधारलेला जो लेख १९९८ साली इंग्लंडमधील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला होता, तो त्या नियतकालिकानेच २०१० साली रद्द केला. तेव्हा या भीतीने कोणीही बाळाची लस चुकवू नये.

तिसरा ग्रह : "मागच्या जन्मीचे"

धर्मांतर करून आपण देव्हारा काढला, पण 'मागच्या जन्मीचे पाप' हे वाक्य घरातून निघाले का? आजीच्या बोलण्यात ते प्रेमाने येते, म्हणून आपण त्याला हरकत घेत नाही. परंतु त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. हे मूल गुन्हेगार आहे आणि शिक्षा भोगत आहे, असा तो अर्थ आहे.

संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, यावर आपले मत काय, असे त्याने बुद्धांना विचारले. बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल अशी निरनिराळी कारणे दाखवली आणि सांगितले की, सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे, स्वतः अनुभवाने जे कळते आणि जगात जे सत्य मानले जाते, त्याच्या पलीकडे जातात. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. गरीब आणि दलितांच्या दशेची जबाबदारी समाजाने आणि राज्यसंस्थेने टाळावी, याच कामी तो येतो, असे त्यांनी दाखवून दिले.

हेच आपल्या प्रश्नाला लावा. मुलाची अवस्था मागच्या जन्मीची असेल, तर शाळेने त्याला शिकवायला नको, विहाराने जागा द्यायला नको, आपण आवाज कमी करायला नको. सर्वजण मोकळे, आणि भार एकट्या आईवर.

याच वाटेने माणूस अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे जातो. आणि जो तिकडे जात नाही, तो कधी कधी पांढऱ्या कोटातल्या भोंदूकडे जातो. स्वमग्नता 'बरी करतो' म्हणून मूलपेशींचे महागडे उपचार विकले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार स्वमग्नतेवर करू नयेत असे स्पष्ट केले आहे. कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण टाकून अशा ठिकाणी जाऊ नका.

चौथा ग्रह : "या वस्तीतली पोरं अशीच"

हा ग्रह विहारात कोणी बोलून दाखवला नाही, पण शाळांत तो असतो. सुखवस्तू घरचे मूल तीन वर्षांचे होऊन बोलत नसेल, तर आईबाप त्याला डॉक्टरांकडे नेतात. वस्तीतले मूल बोलत नसेल, तर त्याच्या घरचे वातावरण तसेच, डोके बेताचेच, असे म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवतात. एकाला निदान मिळते, दुसऱ्याला शेरा मिळतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सरकारी आरोग्य योजनेतील मुलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या मुलांना स्वमग्नतेचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी मिळाले होते, तर काळ्या मुलांना ७.९ व्या वर्षी. मुले तशीच होती, पाहणारे डोळे निराळे होते.

मुलींचे आणखी वेगळे. मुलगी गप्प बसते, कोणात मिसळत नाही, सांगितलेले तेवढेच करते. आपण म्हणतो, किती गुणी पोर! पुष्कळ स्वमग्न मुली अशा 'गुणी'पणाखाली झाकून राहतात आणि त्यांना मदत मिळत नाही. म्हणजे चांगला वाटणारा ग्रहही मुलाचे नुकसान करतो.

आणखी एक चांगला वाटणारा ग्रह सांगते. सिनेमे पाहून काहींना वाटते की, अशा प्रत्येक मुलात काही अचाट बुद्धी दडलेली असते. बहुतेकांत तशी नसते. मुलाचा मान त्याच्या करामतीवर अवलंबून ठेवू नये. करामत नसलेले मूलही माणूसच आहे.

न समजणे दोन्ही बाजूंनी असते

आजवर असे समजत की, स्वमग्न माणसालाच दुसऱ्याचे मन कळत नाही. २०१२ साली डेमियन मिल्टन या इंग्लंडमधील अभ्यासकाने, जे स्वतः स्वमग्न आहेत, एक साधी गोष्ट मांडली. त्याला आपले मन कळत नसेल, तर आपल्याला तरी त्याचे कोठे कळते? मग दोष एकाच्याच पदरी का?

पुढील प्रयोगांनी या म्हणण्याला बळ दिले. २०१७ साली अमेरिकेत सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्वमग्न व इतर माणसांच्या बोलण्याचे छोटे तुकडे दाखवले. काही क्षणांतच लोकांनी स्वमग्न माणसांविषयी प्रतिकूल मत केले आणि त्यांच्याशी ओळख वाढवायला ते कमी उत्सुक दिसले. परंतु तेच बोलणे चेहरा-आवाज वगळून नुसते कागदावर वाचायला दिले, तेव्हा हा भेद उरला नाही. म्हणजे खोट त्यांच्या म्हणण्यात नव्हती. ती पाहणाऱ्यांच्या पहिल्या नजरेत होती.

आपली मुले कानगोष्टींचा खेळ खेळतात, तसाही एक प्रयोग झाला. क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ८-८ माणसांच्या साखळ्यांतून एक गोष्ट पुढे सांगायला लावली. नुसत्या स्वमग्न माणसांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली ठरली. मिश्र साखळीत मात्र गोष्ट अधिक गळाली. २०२५ साली अधिक माणसांवर हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. दोन्ही वेळा एक गोष्ट मात्र सारखी निघाली. स्वमग्नांची साखळी कमी पडली नाही.

चूळपंथकाची गोष्ट

राजगृहाचे दोन भाऊ संघात आले होते. थोरला महापंथक हुशार होता. धाकट्या चूळपंथकाला एक गाथा चार महिन्यांतही पाठ होईना. थोरल्याने त्याला विहार सोडून जायला सांगितले आणि जीवकाच्या घरच्या भोजनाच्या निमंत्रणातूनही वगळले. दाराशी रडत उभ्या असलेल्या चूळपंथकाला बुद्ध भेटले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. एक स्वच्छ फडके हातात दिले आणि ते चोळत 'मळ निघो' अशा अर्थाचे दोनच शब्द म्हणत राहायला सांगितले. हाताखाली फडके मळत गेले, आणि जे गाथेने कळले नव्हते ते अनित्यत्व त्याला फडक्याने कळले.

चूळपंथक स्वमग्न होता असे मी म्हणत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करण्याचा आपल्याला अधिकार नाही. अट्ठकथेने त्याच्या मंदपणाचे कारण मागच्या जन्मात शोधले आहे. तेही आपण वर पाहिलेल्या कारणास्तव बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. थोरला भाऊ म्हणाला, हा शिकू शकत नाही. बुद्धांनी पाहिले की, याला या रीतीने शिकता येत नाही. या दोन वाक्यांतील अंतर हाच आजचा धडा होय.

माझ्या वर्गातही एक फडके सापडले. २०२४ च्या जानेवारीत ठाणे-वाशी मार्गावर दिघा गाव हे नवे स्थानक सुरू झाले. काही दिवसांनी मी वर्गात स्थानकांची नावे सांगत होते : ठाणे, ऐरोली, रबाळे... तो मुलगा फळ्याजवळ आला, खडू घेतला आणि ठाणे व ऐरोली यांच्यामध्ये 'दिघा गाव' असे लिहिले. त्याला लिहिता येते हे मला तोवर माहीतच नव्हते. त्याचे वाचन आणि बेरीज-वजाबाकी पुढे आम्ही स्थानकांवरूनच केली. तो आजही थोडेच बोलतो. घंटेला अजून दचकतो. सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. ज्या वर्गासमोर मी त्याला मारले होते, त्याच वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली. त्याने मान वर केली नाही. क्षमा मिळाली की नाही, ते मला ठाऊक नाही.

आपण काय करावे?

१. वर्ष उलटल्यावरही मूल नावाला ओ देत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून वाट पाहू नका. आधी कान तपासा. वांद्र्याला अली यावर जंग संस्था यासाठी आहे. सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणीची विचारणा करा.

२. नवी मुंबईत वाशी येथे महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठी ईटीसी केंद्र आहे, आणि खारघर येथे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

३. कायदा आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' या आरोग्य विमा योजनेचीही चौकशी करा. हक्काचे ते मागण्यात लाज कसली?

४. घरात एका वेळी एकच गोष्ट, थोड्या शब्दांत सांगा. पुढे काय होणार ते आधी सांगा. 'माझ्याकडे बघ' म्हणून हनुवटी धरू नका. मूल का ओरडते हे विचारण्याआधी, ओरडण्यापूर्वी काय झाले ते आठवा. आवाज, गर्दी, भूक, बदललेला रस्ता, यांपैकी काहीतरी असतेच.

५. विहारात ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवा. दाराजवळ एक कोपरा अशा मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी राखा. मूल झुलले तर झुलू द्या. वंदना त्याने मोडत नाही.

कॅनर यांच्या त्या ११ मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. लहानपणी त्याला संस्थेत टाकले होते. पण आईबापांनी सुमारे वर्षभराने त्याला परत आणले. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावाने त्याला आपले म्हटले. तो शिकला, अनेक दशके बँकेत नोकरी केली आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घर सधन होते, हे खरे. पण गावाने त्याला दिलेली वागणूक पैशाने आली नव्हती. तशी वागणूक आपली वस्तीही देऊ शकते.

मागील महिन्यात मी त्या आईच्या घरी गेले आणि विहारात येण्याची विनंती केली. ती म्हणाली, "येईन बाई, पण तो आवाज करणारच. त्याचं काय?" या प्रश्नाचे उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.

मननासाठी प्रश्न

१. विहारातील तीन वाक्यांपैकी कोणते वाक्य आपण स्वतः कधी उच्चारले आहे? कोणाविषयी?

२. 'हा शिकू शकत नाही' आणि 'याला या रीतीने शिकता येत नाही' यांत फरक काय? आपल्या घरातील एक उदाहरण द्या.

३. आपल्या विहारात अशा मुलासाठी येत्या रविवारी कोणता एक बदल करता येईल? तो कोण करील?

जय भीम.